अकरावं कडवं

१९८४ साल. मे महिन्याची सतरा तारीख, गुरुवार. दुपारचा एक वाजून गेला होता, अकोल्यात साडेसेहेचाळीस अंश तापमान होतं आणि माझ्या सहा आठवड्यांच्या नातीच्या अंगावर दोन घरांची अब्रू होती. त्यातली आमच्या घरची अब्रू लोकरीची होती.

"आई, एक तरी काढ गं," अनू म्हणाली. अनू म्हणजे अनुराधा, माझी थोरली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. "बघ, कपाळ कसं लाल झालंय तिचं."

"तेज आहे ते," मी म्हणाले. "तू पाटावर बस. मी तीन मुलं वाढवलीत."

बारसं खरं म्हणजे सकाळी दहाला व्हायचं होतं. पण विहीणबाईंची गाडी तीन तास उशिरा आली. सरोजिनीबाई गायधनी, मुक्काम नाशिक. प्रवासानं दमलेल्या, तरी अंबाड्यातली एक बट हललेली नव्हती. आल्या त्या हातपाय धुऊन थेट सतरंजीपाशी. सतरंजीवर मी माझा बाळंतविडा मांडून ठेवला होता. बाळ-बाळंतिणीला द्यायचे कपडे आणि वस्तू अशा मांडून दाखवायची आमच्यात पद्धत आहे. बघायला आलेल्या बायका वस्तू उचलून पाहतात, तोंडानं "अगंबाई" म्हणतात आणि मनात मोजतात.

माझ्या बाळंतविड्यात नऊ वस्तू होत्या आणि नऊच्या नऊ लोकरीच्या. स्वेटर, टोपडं, पायमोजे, हातमोजे, शाल, दुपटं, आणखी काय काय. अकोल्यात मी विणकामाचे वर्ग चालवायची. हे आता सांगताना माझं मलाच हसू येतं. ज्या गावात मेमध्ये लोक माठाला पाठ टेकून बसतात, तिथं मी वीस वर्षं बायकांना लोकरीचे टाके शिकवत होते आणि त्या शिकत होत्या. माझी खास कीर्ती होती ती टोपड्याच्या नाडीला मारायच्या गाठीबद्दल. बाळानं कितीही मान हलवली तरी टोपडं निसटत नसे. वर्गातल्या बायका तिला "मुळेगाठ" म्हणत. मुळे हे आमचं आडनाव. नवऱ्याच्या आडनावाची गाठ गावभर चालते, याचा मला फार अभिमान होता.

सरोजिनीबाईंनी माझ्या शेजारी त्यांचा बाळंतविडा मांडला. रेशमी झबलं, जरीकाठी दुपटं आणि मधोमध कुंची. जांभळ्या मखमलीची, आतून अस्तर, कडेनं सोनेरी फीत. डोक्यापासून पाठीवर लोळणारी.

"आत्यानं स्वतः शिवली आहे," त्या म्हणाल्या. "बारशाला आत्याची कुंची घातलीच पाहिजे. म्हणजे, तुमच्या टोपड्याला मी नावं ठेवत नाही हं. लोकर चांगली दिसतेय. इथली?"

"लुधियानाची."

"असं होय. नाही, जरा टोचेल असं वाटलं."

"टोचत नाही. आधी गालाला लावून बघते मी. आणि कुंची घालू की. टोपड्यावरून घालू."

"मग झबलंही स्वेटरवरून घालू."

"घाला ना. आणि वरून माझी शाल."

"शालीवर आमचं दुपटं."

अशी ती चढाओढ. दोघींपैकी कुणी "हे काढू या" असं म्हणालं असतं तर तो दुसरीच्या घरादाराचा अपमान झाला असता. त्यामुळे दोन्ही बाळंतविडे, एकावर एक, त्या सव्वातीन किलोच्या जिवावर चढले. शेवटी पोर दिसत नव्हती. मखमलीतून एक नाक तेवढं वर आलं होतं.

"आई," अनू पुन्हा म्हणाली, "निदान कूलर तरी चालू ठेव."

पाळण्याच्या खोलीच्या खिडक्या मी सकाळीच लावून घेतल्या होत्या. आमच्या घरात लहान मूल असताना खिडकी उघडी राहत नसे. तिन्ही मुलांच्या वेळी नव्हती, आता नातीच्या वेळीही नव्हती. वारं लागतं. कूलर बाहेरच्या खोलीत होता, तोही मी बंद केला. एक तर वाऱ्याची भीती आणि दुसरं म्हणजे सरोजिनीबाई पाळणा म्हणणार होत्या. कूलरच्या घरघरीत त्यांचा आवाज बुडाला असता तर नाशिकला काय काय सांगितलं गेलं असतं, देव जाणे.

पडवीतून ह्यांचा आवाज आला, "साडेसेहेचाळीस!"

हे शाळेत भूगोल शिकवायचे. शाळेच्या प्रयोगशाळेतून मोडीत निघालेला एक थर्मामीटर त्यांनी पडवीत टांगला होता आणि रोज दुपारी एक वाजता त्याचा आकडा मोठ्यानं सांगून वहीत लिहायचे. का लिहिता, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. नवऱ्याला एखादा निरुपद्रवी नाद असला तर बाईनं तो उकरू नये, अशी माझी समजूत होती.

"ऐकलं, ऐकलं," मी म्हणाले. "पाळणा सुरू होतोय. दार लोटून घ्या."

त्यांनी दार लोटलं.

खोलीत पंधरा-सोळा बायका, एक समई, धुपाटण्यात धूप. सरोजिनीबाईंनी पर्समधून घडी केलेले कागद काढले.

"पाळणा मीच रचलाय," त्या म्हणाल्या. "सोळा कडव्यांचा आहे. आमच्याकडचे सगळे आहेत त्यात. आणि अकरावं कडवं तुमचं, अनूकडून ऐकून ऐकून रचलंय."

मी वरवर म्हणाले, "आमचं कशाला आणखी?" आतून मोजायला सुरुवात केली.

आवाज त्यांचा खरंच गोड होता. पहिल्या कडव्यात पणजोबा, दुसऱ्यात गोदावरी, तिसऱ्यात आजोबांची वकिली. चौथ्यात थोरले काका, त्यांची सायकल. पाचव्याच्या वेळी पोर जरा कुरकुरली. मी पाळण्याला झोका दिला. सहाव्यात ती रडली, पण ते रडणं कसं तरी होतं, कोरडं. सातव्यात थांबली.

नवव्या कडव्याला मी वाकून बघितलं. नाक लाल, ओठ कोरडे, डोळे मिटलेले. श्वास भरभर चालला होता, कुत्र्याच्या पिल्लाचा चालतो तसा. मला काहीतरी वाटलं. काय वाटलं ते आता लपवत नाही. मला वाटलं, हे जरा जास्तच होतंय, कुंची तरी काढावी. लगेच दुसरं वाटलं की आपण त्यांची कुंची काढली तर त्या आपलं टोपडं काढायला लावतील. आधी त्यांनी म्हणावं. आणि तिसरं वाटलं, आता नववं चालू आहे, अकराव्यापर्यंत थांबू.

हे मी केलं. एकोणपन्नास वर्षांची, तीन मुलं वाढवलेली, गावाला गाठ शिकवणारी बाई मी, पाळण्यावर वाकून दोन कडवी थांबले.

दहावं संपलं. सरोजिनीबाईंनी फुलपात्रातून पाण्याचा घोट घेतला, पदरानं मान टिपली आणि पाळण्यात डोकावून कौतुकानं म्हणाल्या, "किती गुणी लेकरू हो! एवढ्या गोंगाटात हूं नाही की चूं नाही. आता अकरावं—"

मला पुढचं ऐकू आलं नाही.

हेच शब्द मी आधी एकदा ऐकले होते. अगदी हेच. "किती गुणी लेकरू, हूं नाही की चूं नाही." आवाज वेगळा, घर वेगळं.

मी दोन्ही हातांनी मुलीला वर उचललं. तिची मान माझ्या कोपरावरून मागे गेली, ओल्या फडक्यासारखी. मी हाक मारली, गालावर टिचकी मारली. काही नाही. कुंचीतून हात घातला तर आत तवा.

"अहो, काय करताय? निजलीय ती," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"निजली नाही!"

कुंचीचा बंद मी ओढून तोडला. शाल, दुपटं, झबलं भराभर गेलं. मग टोपड्याची नाडी. तिथं माझी बोटं थांबली. मुळेगाठ. लोकर आधीच्या घामानं ओली होऊन आणखी आवळली होती. मी नखानं उकलते आहे, दातानं ओढते आहे, आणि गाठ जराही हलत नाही. वीस वर्षं मी बायकांना ती कशी मारायची ते शिकवलं. ती घाईत कशी सोडायची, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि मलाही पडला नव्हता.

"बाजूला सर, आई!"

अनूनं मला ढकललं. तोपर्यंत जन्मात तिनं मला ढकललं नव्हतं. तिच्या हातात माझ्याच विणकामाच्या टोपलीतली कात्री होती. हनुवटीखाली दोन बोटं घालून तिनं नाडी कापली, मग टोपडं, मग स्वेटर गळ्यापासून खालपर्यंत उभा. चोवीस दिवसांचं काम होतं ते. कचकच आवाज आला, आणि आतून आमची पोर निघाली, लालभडक, कोरडी, एवढीशी.

"बाबा!" अनू ओरडली. "खिडक्या!"

हे आत आले. सगळ्या खिडक्या उघडल्या, कूलर लावला, पोरीला त्याच्यापासून जरा दूर सावलीत ठेवायला सांगितलं आणि चपला न घालता त्या उन्हात रस्ता ओलांडून पळाले. समोर दोन घरं सोडून डॉक्टर वानखडे राहायच्या.

पुढचं सरोजिनीबाईंनी केलं. त्यांनी त्यांचं जरीकाठी दुपटं उचललं, मोरीतल्या बादलीत बुडवलं, पिळलं आणि पोरीचं अंग पुसायला घेतलं. जरीचा रंग बादलीत उतरला. मी काय करत होते? मी हातात कापलेलं टोपडं धरून उभी होते.

डॉक्टर आल्या. ठेंगण्या, गोल, जेवत्या ताटावरून उठून आलेल्या. त्यांनी छातीवर नळी ठेवली.

"चालू आहे," त्या म्हणाल्या. मग जमिनीवर पडलेल्या ढिगाकडे त्यांचं लक्ष गेलं. "हे सगळं हिच्या अंगावर होतं? एवढं कायले बांधलं, बाप्पा? काश्मीरला पाठवून राहिले का पोरीला?"

मी हातातलं टोपडं पदराखाली घेतलं.

"बाळाला स्वतःचं अंग थंड करता येत नाही अजून. रडते ती थोडा वेळ, मग थकते. मग गप्प होते आणि तुम्ही म्हणता निजली." त्यांनी पोरीच्या तळपायाला टिचकी मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पोरीनं पाय आखडला आणि तोंड वाकडं करून रडली. एवढं बेसूर रडणं मी त्यानंतर कधी ऐकलं नाही. अनू भिंतीला टेकून खाली बसली.

दोन तास आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यात होतो. आधी चमच्याचमच्यानं अनूचं दूध पाजलं, मग पोर आपली आपण प्यायली. "शू झाली की मला सांगा," डॉक्टर म्हणाल्या होत्या. त्यामुळे आम्ही सगळे एका लंगोटाकडे बघत बसलो होतो. शेवटी ती झाली, सरोजिनीबाईंच्या मांडीवर, बारशासाठी काढलेल्या पैठणीवर.

"राहू दे, राहू दे," त्या रडत म्हणाल्या. "कर माझे राणी, अजून कर."

बाकीचे बाहेर गेले, मी मागे राहिले. डॉक्टर हात धूत होत्या.

"डॉक्टर," मी म्हणाले, "वाऱ्यानं मूल जातं का हो? उघड्या खिडकीनं?"

"कुणाचं मूल?"

मग मी ते सांगितलं. एकतीस वर्षं ते कुणाजवळ बोलले नव्हते. अनूलाही ठाऊक नव्हतं. मला तीन मुलं नाहीत, चार झाली. पहिला श्रीधर. १९५३ सालचा मे, मूर्तिजापूरचं सासर, मी अठरा वर्षांची, तो अडीच महिन्यांचा. माझ्या सासूबाई मायाळू होत्या. नातवाला वारं लागू नये म्हणून फ्लॅनेलमध्ये, वर गोधडीत गुंडाळून, खोली बंद करून त्यांनी निजवलं. मला तिथं गुदमरायला झालं म्हणून सासूबाईंची नजर चुकवून मी खिडकी वीतभर उघडली. दुपारभर त्या अधूनमधून डोकावून म्हणत होत्या, किती गुणी लेकरू. चार वाजता मी पाजायला उचलला तेव्हा तो गेलेला होता. कसला आजार नाही, ताप नाही, काही नाही. सासूबाईंनी आधी हंबरडा फोडला आणि मग खिडकीकडे बघून विचारलं, "ही कुणी उघडली?"

मी काही म्हणाले नाही. सगळ्यांना कळलं.

डॉक्टरांनी नळ बंद केला. हात पुसले.

"झोपेतल्या झोपेत मूल का जातं, ते आम्हालाही सगळं कळलेलं नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "मी त्याले पाह्यलं नाही, म्हणून अमक्यानंच गेलं असं सांगणार नाही. पण उन्हाळ्यात गुंडाळून, कोंडून ठेवलेल्या लेकराले धोका जास्त, हे मी पाहून राहिली आहे. आणि खिडकीचं म्हणाल तर…" त्यांनी टॉवेल खुंटीला अडकवला. "त्या खोलीत लेकरासाठी एक चांगली गोष्ट झाली असंल, तर ती खिडकी."

मी घरी आले. संध्याकाळ झाली होती. ओट्यावर बाज टाकून पोरीला एका जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यावर उघडीच निजवली होती. तिथंच आत्याच्या वतीनं सरोजिनीबाईंनी कानात नाव सांगितलं, मृदुला. पाळणा नाही, समई नाही, घुगऱ्या तेवढ्या वाटल्या.

हे पडवीत बसले होते. मी सांगितलं, डॉक्टरांना श्रीधरचं सांगितलं. ते उठले, आतून कपाटातली सगळ्यात खालची वही घेऊन आले आणि पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. शाई पिवळी पडली होती. "१२ मे १९५३. ११५ अंश." तेव्हा फॅरेनहाइट होतं. त्याच्यापुढे फक्त "श्रीधर".

"दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आकडा वाचला," ते म्हणाले. "मला वाटलं, उन्हानं असेल. खात्री नव्हती. लिहून ठेवला. मग रोज लिहायची सवय लागली."

"मला का नाही सांगितलं?"

"आई होती तोवर कसं सांगणार? तिनंच गुंडाळलं होतं त्याला. आणि आई गेली तोवर तू विणायला लागली होतीस." ते वही मिटत म्हणाले, "बरी दिसायचीस विणताना."

मला हसावं की त्यांचं डोकं फोडावं, कळेना. एकतीस वर्षं एका घरात मी लोकर विणत होते आणि हे तापमान लिहीत होते, आणि दोघंही एकाच दुपारबद्दल.

पुढच्या आठवड्यात मी वर्ग बंद केला. बायकांना कारण सांगितलं, डोळे दुखतात. खरं कारण सांगायला मला आणखी चार वर्षं लागली. मग मात्र कुठल्या घरी पाळणा हलला की मी न बोलावता जायची, बाळाचं टोपडं काढायची, खिडकी उघडायची आणि शिव्या खाऊन यायची. आधी लोक मला गाठीसाठी ओळखायचे, नंतर आगाऊपणासाठी.

डॉक्टर वानखडे पुढे अमरावतीला गेल्या. दर मेमध्ये त्यांचं कार्ड यायचं, त्यावर एवढंच: "पोरगी कशी आहे? गुंडाळलं नाही ना?" पंधरा वर्षांपूर्वी ती कार्डं थांबली. हे २००७ साली गेले, डिसेंबरात, चांगल्या थंडीत. वह्या पन्नासच्या वर निघाल्या. आता पडवीतला आकडा मी लिहिते. चष्म्यानं नीट दिसत नाही, एखादा अंश इकडेतिकडे होत असेल. अनू शिक्षिका झाली, आता निवृत्त आहे. ती कात्री तिनं परत दिलीच नाही. नाशिकला तिच्या शिवणाच्या डब्यात आहे ती.

सरोजिनीबाई आणि मी त्या दिवसानंतर कधी भांडलो नाही. त्याचं मला थोडं वाईटच वाटायचं. १९९९मध्ये त्या गेल्या. त्या पाळण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

आणि मृदुला. चाळिशीची आहे. तिचा मुलगा तीन वर्षांचा झाला. तो झाला तेव्हा उन्हाळाच होता आणि मी नाशिकला गेले होते. पातळ सुती झबल्यात, उघड्या खिडकीशी, पाठीवर निजवलेला. मी दर दहा मिनिटांनी उठून त्याच्या छातीवर हात ठेवत होते. "पणजी, तूच जरा नीज," मृदुला म्हणाली, आणि मला गप्प बसवायला म्हणून तिनं नाशिकच्या आजीच्या ट्रंकेत सापडलेले घडीचे कागद आणून दिले. सोळा कडवी. जिथं आम्ही थांबलो होतो तिथं कागदावर पाण्याचा डाग होता. मी चष्मा पुसला आणि अकरावं वाचलं:

अकराव्या दिशी अकोल्याचं ऊन,
आजोबा बसती पारा मोजून,
खिडक्या-दारं घट्ट लावून
आजी विणते लोकर गं.

हे ऐकायला मी थांबले होते.